फटफटीला मोटारीचं चाक: बारामती-इंदापूर रस्त्यावरचा एक खटला

मंडईतल्या पानवाल्यानं पानांच्या जुडीबरोबर निरोपही माझ्या हातात ठेवला. "तात्यांनी सांगितलंय, आक्कांना म्हणावं, जगाला शहाणं करून झालं असंल तर चार दिस हिकडं या. फटफटीच्या मागच्या चाकानं घोटाळा केलाय, आन् आता बोलणारं माणूस पायजे."

तात्या माझा मामेभाऊ. इंदापूर तालुक्यात निमगावच्या अलीकडे एका वाडीवर त्याचा पानमळा आहे. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली एक फटफटी त्यानं घेतली. तिला शेजारी साइडकार आहे. वाडीवर तिला पाळणा म्हणतात. या पाळण्यात माणसाऐवजी विड्याच्या पानांच्या करंड्या बसतात आणि रोज पहाटे बारामतीच्या स्टेशनला जातात.

बोलणारं माणूस हवं, एवढं कानावर आल्यावर मी पुण्यात थांबणं शक्यच नव्हतं. मी व्याख्यानं देते. माझे मुख्य विषय दोन. एक, हा कायदा आता आपण स्वतः केलेला आहे, तेव्हा तो चुकवणं म्हणजे स्वतःच्याच घरात चोरी करणं. आणि दुसरा, यंत्रापुढे नारळ फोडणं बंद झालं पाहिजे. दुसऱ्या विषयावर मी उभी राहिले की पहिल्या रांगेतले लोक खुर्च्या मागे ओढतात, असं आमच्या शेजारणी सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असावी.

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. हवा छान होती. मी वळकटी बांधली.

या भागात जायचं मनात असलेल्यांनी दोन रस्ते ध्यानात ठेवावेत. पुण्याहून एस.टी.नं सोलापूरच्या सडकेला लागून थेट इंदापूर गाठता येतं, ते सोपं. मी अवघड रस्ता घेतला. दौंडपर्यंत मोठी गाडी आणि तिथून बारामतीची छोटी गाडी. दौंडला डबे बदलायला इतका वेळ मिळतो की फलाटावरच्या चहावाल्याशी ओळख होते, भांडण होतं आणि समेटही होतो. छोट्या गाडीत इंजिनाकडे तोंड करून बसू नये. कोळशाचे कण डोळ्यांत जातात. ती धावते म्हणणं धाडसाचं होईल. एका चढावर एक गृहस्थ खाली उतरले, धोतराचा सोगा नीट खोचला, आणि मागच्या डब्यात सावकाश चढले. कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

बारामतीच्या स्टेशनाबाहेर तात्या उभा होता, आणि शेजारी ती फटफटी. पुढचं चाक सडपातळ, मागचं गुबगुबीत. नवरीच्या मागे पोट सुटलेला मामा उभा राहावा तशी ती दिसत होती. मागच्या चाकावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती.

"तात्या, हा टायर मोटारीचा आहे."

"हळू बोल, आक्का. आजउद्या हाय मोटारीचा. परवापासनं तो कधी नव्हताच."

मग त्यानं सगळं सांगितलं. फटफटीचा मागचा टायर झिजला. नवा बारामतीत मिळेना, पुण्याचा व्यापारी आज देतो उद्या देतो करीत राहिला. शेवटी इथल्या टायरवाल्यानं एका जुन्या छोट्या मोटारीचा टायर काढला. तो चाकाच्या मापावर असा बसला की जणू त्याच्यासाठीच ओतला होता. पाळणा जोडलेला असल्यानं फटफटी वळताना कलत नाही, म्हणून रुंद टायरानं काही बिघडलं नाही. उलट चिखलात ती बैलासारखी पाय रोवून चालायला लागली.

दसऱ्यानंतरच्या एका पहाटे कालव्याच्या पुलापाशी पाळण्याची धडक वाडीवरच्याच चंद्रभागाबाईंच्या बैलगाडीला बसली. गाडीचा आस मोडला आणि एक बैल चारीत पडून पायानं अधू झाला. माणसांना खरचटलंही नाही. तात्याचा विमा होता, दुसऱ्याच्या नुकसानीचा जादा हप्ताही तो भरत होता. पण कंपनीचा तपासनीस पाहणीला आला आणि त्याला पुलाजवळच्या ओल्या मातीत चाकाचा रुंद ठसा दिसला. 'फटफटीला मोटारीचा टायर असेल तर कंपनी एक पै देणार नाही,' असं सांगून तो गेला. आता पुन्हा चौकशीला येणार होता.

"म्हणून उद्या रात्री टायर बदलायचा. शेजारच्या गावातनं फटफटीचा जुना टायर आणलाय मागून. सगळी वाडी येका आवाजात बोलणार. तू फक्त कायद्याचं चार जड शब्द टाक."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"खोटं न्हाय. गप बसायचं, जरा मोठ्यानं."

मी चाकावरच्या कुंकवाकडे बोट दाखवलं. "आणि हे? यंत्राची पूजा?"

"खंडेनवमीला केली की. आन् नारळबी फोडला. कुणी फोडला म्हायतीय का, आपल्या—"

त्याला मी पुढे बोलू दिलं नाही. ज्या देशात धरणं बांधायची आहेत त्या देशात रबरावर नारळ फोडणं म्हणजे काय, हे मी त्याला स्टेशनाच्या दारातच समजावून सांगितलं. टांगेवाले जमले. एका घोड्यानं मान खाली घातली. बोलणं संपलं तेव्हा तात्या पाळण्यातली वळकटी नीट लावत होता आणि नारळ कुणी फोडला ते सांगायचं त्याच्या मनातून गेलं होतं.

बाजाराकडच्या एका हॉटेलात आम्ही चहा घेतला. बारामतीत गुळाची पेठ मोठी, त्यामुळे इथे चहाही गुळाचा मिळतो. तोच मागावा, साखरेचा पाणचट असतो. खाणावळीत भाकरी, पिठलं आणि ठेचा पोटभर मिळतो आणि खिशाला जाणवत नाही. ठेचा मात्र जिभेच्या टोकानं आधी विचारून घ्यावा.

तिथेच तात्याचे विमा एजंट भेटले, गोविंदराव. पांढरं स्वच्छ धोतर, काळी टोपी, सगळ्या बाजाराशी रामराम. मला पाहून ते उभे राहिले.

"बाई, तुमचं नारळावरचं भाषण मी इथंच ऐकलं. काय सांगू, त्या दिवसापासून नारळ सोडला. हातसुद्धा लावत नाही."

मला फार बरं वाटलं. मी तात्याकडे विजयानं पाहिलं. तात्या बशीतला चहा फुंकत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, चहा गरम असेल.

बारामती सोडल्यावर रस्ता कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसातून जातो. मुरूम बरा आहे, पण बैलगाड्यांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडल्यात. चारचाकी घेऊन येणाऱ्यांनी एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवावं. पाळण्यात बसून प्रवास करण्याचं सुख मी प्रथमच अनुभवलं. जमीन इतकी जवळ असते की कोंबड्या डोळ्याला डोळा भिडवतात. दर गावी कुणीतरी हाक मारी, "तात्या, करंडीत काय?" आणि तात्या उत्तर देई, "भाषन." पुढे साखर कारखान्याचं धुराडं लांबून दिसलं. ते अजून थंड होतं. गाळप सुरू व्हायला थोडे दिवस होते आणि रस्त्यावर जो तो गाडी, बैल, जू, साखळी यांच्याबद्दलच बोलत होता.

त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पानमळा पाहून बाहेर येत होते. (पानमळा जरूर पाहावा. शेवरीच्या आडोशाला वेल चढवलेले असतात, आत भर दुपारी गारवा असतो, आणि चपला बाहेर काढून जावं लागतं. तिथे मी वाद घातला नाही, कारण पायांना ओली माती फार छान लागत होती.) बाहेर बांधावर एक बाई बसली होती. उंच, रापलेली, तंबाखूची चंची उघडलेली.

"तुमीच का भाषनवाल्या?"

"हो. तुम्ही चंद्रभागाबाई?"

"बैल लंगडा झाल्याली चंद्रभागा मीच. बसा. मी थोडक्यात सांगते, मला तुमच्यावानी येत न्हाय."

आणि मग त्या माझ्यापेक्षा जास्त बोलल्या. नवरा वारल्यापासून त्या स्वतः गाडी हाकतात. कारखान्याच्या ऊस वाहतुकीत त्यांच्या गाडीची पाळी लागलेली आहे. गाळपाच्या पहिल्या दिवशी जी गाडी जुंपून उभी राहील तिची पाळी राहते. जी राहणार नाही तिची दुसऱ्याला जाते, आणि मागे तिष्ठत उभे असलेले कमी नाहीत. बैलाचा पाय या हंगामात तरी धरणार नव्हता. म्हणजे गाळपाआधी दुसरा बैल दावणीला आला तर वर्ष हातात, नाहीतर गेलं.

"तात्या भला मानूस हाय. म्हनतो, माझी फटफटी इकतो आन् बैल घेऊन देतो. फटफटी इकल्यावर पानं काय डोक्यावर नेनार बारामतीला? म्हून आमचं ठरलंय. चौकशीत टायर फटफटीचाच हुता. मीबी तेच सांगनार."

"तुमचंच नुकसान झालंय आणि तुम्हीच खोटं सांगणार?"

"मग काय खरं सांगून लंगडा बैल जुंपू?"

मी कायद्याचं राज्य, नागरिकाचं कर्तव्य आणि साक्षीचं पावित्र्य यांवर बोलले. त्यांनी तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकलं.

"लई ग्वाड बोलता, आक्का. पर भाषनानं बैल चालत न्हाय."

त्याच दुपारी मी तात्याला हट्टानं इंदापूरला वकिलाकडे नेलं. इंदापूर जुनं गाव आहे, कचेरीचं. बाजाराच्या दिवशी गेलात तर पायी फिरा. आमची फटफटी मेंढरांच्या कळपात अडकली आणि लोक टायर पाहायला जमले. वकील वयस्क होते, सुपारी कातरत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन भांडणं आहेत, बाई. एक सरकारशी, एक कंपनीशी. ती एकात एक कालवू नका. नोंदवलेल्या गाडीत बदल केला तर नोंदणीच्या कचेरीला कळवावं लागतं. आता झिजलेल्या टायरच्या जागी दुसरा घातला, ही झाली दुरुस्ती. पण तो मोटारीचा घातला, मग हा बदल की दुरुस्ती? यावर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. फी तीच."

"आणि कंपनीशी?"

"तो करार आहे. गाडीत धोका वाढवणारा बदल कंपनीला न सांगता करायचा नाही, असं कलम असतं. कंपनीला दाखवावं लागेल की बदल झाला, त्यानं धोका वाढला, आणि तो तिला न सांगता झाला."

"सांगायचं कुनाला, वकीलसाहेब?" तात्या म्हणाला. "कंपनी हाय मुंबईला. म्या मुंबई बगितल्याली न्हाय."

वकिलांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मग न सांगताच झालं. उद्या मला बोलावू नका, मी हसेन."

संध्याकाळी वाडीवरच्या पारावर मी व्याख्यान दिलं. कुणी मागितलं नव्हतं, पण माणसं जमली होती आणि मला ते पुरतं. मी म्हणाले, गोऱ्या साहेबाचा कायदा आपण चुकवला तेव्हा तो पराक्रम होता. आता कायदा आपला, चूक आपली आणि लाजही आपलीच. माना डोलल्या. शेवटी वाडीतले सगळ्यात वडीलधारे आबा उठले. सगळे त्यांना नुसतं आबाच म्हणतात. "बाईंनी लई चांगलं सांगितलं," ते म्हणाले. "तर मंडळी, ध्यानात ठेवा. उद्या टायर फटफटीचा."

सकाळी फटफटी बारीक झालेली होती. मागचं चाकही सडपातळ. मोटारीचा टायर कडब्याच्या गंजीत गेला होता. नव्या आणलेल्या जुन्या टायरावर कुणीतरी आठवणीनं हळदकुंकूही ओढलं होतं. ते इतकं ताजं होतं की त्याच्यावर बसलेली माशी पिवळी होऊन उडाली.

तपासनीस एस.टी.नं आले. किडकिडीत, छत्रीवाले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर गोविंदराव एजंट होते आणि ते येताक्षणीच लिंबाच्या बुंध्यामागे उभे राहिले. पारावर घोंगडी अंथरली. तपासनिसांनी चाकावर हात फिरवला, बोटाला लागलेली हळद पाहिली आणि रुमालाला पुसली.

"हा टायर कधीपासून आहे?"

"पैल्यापासनं," वाडी म्हणाली. खरंच एका आवाजात. आरतीला इतका मेळ नसतो.

"मोटारीचा टायर या गाडीला कधी कुणी पाहिला?"

"न्हाय जी."

"चंद्रभागाबाई, तुम्ही? धडक तुम्हाला बसली."

"मला चाक कुटलं दिसतंय? मी बैल बगत हुते."

मग त्यांनी छत्रीचं टोक माझ्याकडे वळवलं. "आपण बारामतीहून याच गाडीतून आलात असं बाजारात ऐकलं. आपण सुशिक्षित आहात. आपण सांगा."

सगळी वाडी माझ्याकडे पाहू लागली. तात्यानं डोळ्यांनी विनवलं. चंद्रभागाबाईंनी चंचीची दोरी घट्ट ओढली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. मला त्यांचा लंगडा बैल दिसत होता. समोरच बांधला होता, एक पाय उचलून. दोन वाक्यांत सगळं निभावलं असतं. पण आदल्या संध्याकाळी याच पारावर मी जे बोलले होते ते अजून माझ्याच कानात होतं.

"टायर मोटारीचा होता," मी म्हणाले. "कडब्यात आहे."

बैलानं मान हलवली आणि गळ्यातली घंटा वाजली.

"झालं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "भाषनवाल्या मान्साला पाव्हणं म्हून बोलवू नये."

तपासनिसांनी पिशवीचं बक्कल लावलं. "मग प्रश्न मिटला. बदल झाला आणि तो कंपनीला न कळवता झाला. दावा देता येणार नाही."

न कळवता. वकिलाचा शब्द माझ्या डोक्यात वाजला, पण त्याचं काय करायचं ते मला सुचेना. निदान बोलत राहावं म्हणून मी विचारलं, "कंपनीला कळवायचं म्हणजे कुणाला? मुंबईला जाऊन?"

"मुंबईला कशाला? आमचा प्रतिनिधी आहे ना इथं. गोविंदराव. त्यांच्या कानावर घातलं असतं तरी पुरे होतं."

आबा इतका वेळ चिलमीत निखारा ठेवत होते. ते मान वर न करता म्हणाले, "मग कळवायचं काय ऱ्हायलंय? नारळ त्यांनीच तर फोडला."

"कुठला नारळ?" तपासनीस म्हणाले.

"टायराचा."

लिंबामागे काहीतरी हललं. तात्या माझ्या कानाशी आला. "ठेसनावर तेच सांगत हुतो तुला. तू ऐकतीस व्हय?"

आणि मग बांध फुटला. टायर नव्हताच असं ठरल्यामुळे त्याची पूजाही झाली नव्हती, आणि पूजा झाली नव्हती म्हणून नारळही फुटला नव्हता. आपला सगळ्यात मोठा साक्षीदार वाडीनं टायराबरोबर कडब्यात लपवला होता. आता टायर बाहेर आला तसं सगळंच बाहेर आलं. खंडेनवमीला तात्यानं नव्या टायराची थाटात पूजा केली. हार घातला. सगळ्या वाडीला पेढे वाटले. आणि मानाचा नारळ फोडायला खास बारामतीहून कोण आलं, तर तालुक्यातल्या कुठल्याही इंजिनाचा नारळ ज्यांच्या हातचा लागतो ते गोविंदराव. कुणी म्हणालं, पेढे त्यांनीच जास्त खाल्ले. कुणी म्हणालं, टायरावर थाप मारून ते म्हणाले होते, हत्ती आणलास तात्या, हत्ती. आपण किती जवळ उभे होतो यावरून दोघांचं भांडण लागलं. सकाळपासून ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं त्यांना आता नारळाच्या शेंडीचे केसही आठवत होते.

"गोविंदराव, पुढे या," तपासनीस म्हणाले. "हे खरं?"

गोविंदराव पुढे आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तपासनिसांकडे. कुणाला जास्त भ्यावं हे त्यांचं ठरेना.

"नारळ... म्हणजे आग्रह झाला. पण मी तो फटफटीसाठी फोडला, साहेब. टायरासाठी नाही. आणि फोडताना माझे डोळे मिटलेले होते. भक्तीनं."

"डोळं मिटून फोडला," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आन् बोट न्हाय फुटलं? मग त्याच डोळ्यांनी पेढा कसा घावला वो तोंडात?"

हसण्याचा जो कल्लोळ उठला त्यात गोविंदरावही थोडे हसले. त्यांचा बचाव तिथेच संपला.

आता मला काय करायचं ते कळलं. "साहेब, विम्याचा हप्ता यानंतर कधी भरला, तेवढं विचारा."

"दसऱ्याला," तात्या म्हणाला. "दुसऱ्याच दिशी. गोविंदराव सोनं द्याया आलं. आपट्याचं पान हातावर ठिवलं आन् हप्ता घिऊन गेलं."

मी उठून उभी राहिले. बसून मला नीट बोलता येत नाही. "म्हणजे तुमच्या प्रतिनिधीनं टायर पाहिला, त्याला हत्ती म्हटलं, त्याच्या नावाचा पेढा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीचा विमा पुढे चालवून पैसे घेतले. कंपनीला माहीत नव्हतं असं आता कोण म्हणणार? तिनं टायर स्वीकारला, साहेब. सगळ्या वाडीसमक्ष, वाजतगाजत."

तपासनिसांनी एकदा बैलाकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवीचं बक्कल पुन्हा उघडलं. "एकच विचारतो. टायर घसरला म्हणून धडक झाली का?"

तात्यानं चाकावर हात ठेवला. मग खाली पाहून म्हणाला, "टायराचा काय दोष न्हाय. करंडीचं झाकान उडालं म्हून मी मागं बगत हुतो. चूक माझी हाय. म्हूनच मी घाबरलो. चूक केल्याल्याला कोन पैसं देतंय?"

तपासनीस त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "अहो, चुकीचाच तर विमा असतो. न चुकणाऱ्यानं हप्ता कशाला भरायचा?"

वाडी एकमेकांकडे पाहू लागली. निर्दोष ठरल्याशिवाय विमा मिळत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. इतक्या दिवसांचा सगळा खटाटोप, मागून आणलेला टायर, ताजी हळद, आरतीसारखा एक आवाज, हे सगळं टायर झाकायला होतं, आणि टायराच्या आड तात्या जी चूक झाकत होता ती कबूल करायला कंपनीची हरकतच नव्हती.

"मी जे ऐकलं ते तसंच कळवीन," तपासनीस म्हणाले. "माझ्या मते द्यावं लागेल, आणि लवकर द्यावं लागेल. तो टायर मात्र पुण्याच्या नोंदणी कचेरीला दाखवा. ते भांडण माझं नाही. आणि गोविंदराव, पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून फोडा."

जाताना गोविंदराव माझ्यापाशी थबकले. आता त्यांच्या गळ्यातला आवाज परत आला होता. "बाई, एक शंका. तुमचं ऐकून मी खरोखरच नारळ सोडला असता, तर आज चंद्रभागाबाईंचा बैल कुठून आला असता?"

मी तोंड उघडलं. मी मोठमोठ्या सभांतून हुल्लडबाजांना गप्प केलेलं आहे. त्या पारावर मला एक वाक्य सुचलं नाही.

"अगं बया," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आक्का गप बसल्या. ह्याचाबी येक नारळ फोडा."

परत येताना मी इंदापूरहून एस.टी. धरली. लोणी देवकरला गाडी पाण्यासाठी थांबते. उतरून पाय मोकळे करावेत, पण फार लांब जाऊ नये, ड्रायव्हर माणसं मोजत नाही. भिगवणला भीमेकडून टोपल्यांतून मासे येतात. तिथल्या झोपडीवजा खाणावळीतलं झणझणीत कालवण ज्यांना चालतं त्यांनी चुकवू नये. मी खात नाही, पण वासावर दोन भाकऱ्या जास्त गेल्या. पुढे भिगवणहून रेल्वेनं पुणं. खिडकीतून मावळतीचं माळरान दिसत होतं आणि मी गोविंदरावांना द्यायचं उत्तर मनात रचत होते. दौंड आलं, केडगाव गेलं, पुणं आलं. उत्तर आलं नाही.

काही दिवसांनी तात्या फटफटी घेऊन पुण्याला आला. नोंदणी कचेरीतले सगळे कारकून अंगणात येऊन टायर पाहून गेले. हा बदल की दुरुस्ती यावर त्यांच्यात दोन तट पडले. शेवटी साहेबांनी सांगितलं, वाद मिटेपर्यंत फटफटीचा टायर घाला, आणि त्यांच्याच शब्दानं पुण्याच्या व्यापाऱ्याकडे इतके दिवस नसलेला टायर सापडला. मोटारीचा हत्ती आता पानमळ्याच्या विहिरीवर आहे. पाणी शेंदणाऱ्यांना बसायला होतो.

"आन् बैल?" मी विचारलं. तात्याच्या सहवासात माझी भाषा बिघडते.

"मिळाला. पैसं आलं गाळपाच्या तोंडावर. चंद्रभागाबाईनं बारामतीच्या बाजारातनं खिलार आणला. पैल्या दिशी कारखान्यावर तिची गाडी उभी. बैलाचं नाव ठिवलंय इम्या. विम्याच्या पैशाचा म्हून इम्या. फटफटी दिसली की बसकनच मारतोय. मी आता पुलाच्या अलीकडंच उतरतो आन् ढकलत नेतो."

मग त्यानं पाळण्यातून एक नारळ काढून माझ्या हातात दिला. चंद्रभागाबाईंनी पाठवला होता. निरोप एवढाच: आक्कांना म्हणावं, तुमच्या हातचा.

तो नारळ काही दिवस फडताळात होता. माझं मत बदललेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. रबरावर नारळ फोडून ते पंक्चर होत नाही असं नाही, आणि हे मी पुढच्या व्याख्यानातही सांगणार आहे. पण खरं बोलायला मी त्या पारावर उभी राहिले तेव्हा माझ्या खऱ्याला आधार सापडला तो नेमका तिथे, जिथे मी तात्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. हे मात्र फडताळ उघडताना रोज आठवायचं.

काल शेवटी चटणीला खोबरं हवं होतं. मी पाटा काढला, नारळ सोलला, कोयता हातात घेतला. आणि मग थांबले. खिडकीतून हाक मारून शेजारच्या दोघींना बोलावलं.

"काय झालं?" त्या घाबऱ्या घाबऱ्या आल्या.

"काही नाही. नारळ फोडतेय," मी म्हणाले. "तुम्ही फक्त बघा. डोळे उघडे ठेवून."